हॉट टबचा ईएलसीबी पडतोय? बोर्ड बदलण्याआधी मोजायला सांगा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एक वाक्य फार धोक्याचं आहे. त्यावर आधी बोलतो, मग बाकीचं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी तुमची अडचण थोडक्यात. लोणावळ्याजवळ तुमचा बंगला आहे, शनिवार-रविवार भाड्याने देता. मागच्या अंगणात सहा जणांचा अ‍ॅक्रिलिक हॉट टब आहे, साधारण १,२०० लिटरचा, हीटर ३ किलोवॉटचा. पावसाळ्यापासून टब चालू केला की दहा-पंधरा मिनिटांनी वीज जाते. पहिल्या टेक्निशियनने सर्किट बोर्ड बदलून ३८ हजार घेतले, दोन दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्याने पंप बदलला, २२ हजार, पुन्हा तेच. तिसऱ्याचा राग ईएलसीबीवर, म्हणजे वीज कुठे बाहेर झिरपली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर. तो म्हणतो, “ईएलसीबी जास्तच नाजूक आहे, ३०चा काढून १००चा टाकू, पडायचा बंद होईल.” आणि या सगळ्याच्या आधीपासून पाहुण्यांची तक्रार आहे की पाणी वेळेत गरम होत नाही.

तिसऱ्याला आजच फोन करून थांबवा. तो म्हणतो ते खरं आहे, १०० मिलिअँपियरचा बसवला तर पडायचा कदाचित बंद होईल. पण ३० मिलिअँपियरचा असतो तो माणूस वाचवण्यासाठी. १०० किंवा ३००चा असतो तो वायरिंगला आग लागू नये म्हणून. ओल्या अंगाने, कंबरभर पाण्यात बसलेल्या माणसाला १०० मिलिअँपियर म्हणजे खेळ खलास. तुमचा ईएलसीबी (आता खरं नाव आरसीसीबी, पण बाजारात अजून सगळे ईएलसीबीच म्हणतात) गेले काही महिने ओरडून सांगतोय की वीज कुठून तरी बाहेर झिरपतेय, आणि हा गृहस्थ ओरडणाऱ्याचं तोंड दाबायला निघालाय. दोष सापडेपर्यंत टबात कुणालाही बसू देऊ नका. पाहुण्यांना सांगा, टब बंद आहे. दोन वाईट रिव्ह्यू आले तर येऊ देत.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय, “बोर्ड आणि पंप दोन्ही नवे आहेत, मग आता काय बदलू?” हा प्रश्नच थोडा तिरका आहे. तुमच्याकडे आलेल्या तिघांपैकी एकानेही काही मोजलेलं दिसत नाही. तुम्ही साठ हजार दिलेत ते दुरुस्तीचे नव्हेत, अंदाजाचे.

टब चालू असताना नेमकं काय पडतं ते आधी नीट बघा. घराच्या मेन बोर्डावर दोन वेगळ्या वस्तू असतात. एमसीबी पडतो तो जास्त करंट ओढला म्हणून किंवा शॉर्ट झाला म्हणून. आरसीसीबी पडतो तो गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला म्हणून, म्हणजे काही करंट अर्थिंगला किंवा पाण्यातून कुठेतरी गेला म्हणून. ज्याच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं तो आरसीसीबी. तुमच्या वर्णनावरून तोच पडतोय असं मी धरून चालतो. एमसीबी पडत असेल तर पुढचं बरंचसं लागू नाही, तसं असेल तर कळवा.

आरसीसीबी पडतोय म्हणजे लीकेज. मग टबाच्या सर्किट बोर्डावर संशय का घेतला असेल? बोर्ड ही प्लॅस्टिकच्या पायांवर बसवलेली पाटी. तिथून अर्थला करंट जायला वाटच थोडी असते. बोर्ड मरतो तो व्होल्टेज अचानक वाढल्याने, विजेच्या कडकडाटाने, किंवा आत पाल शिरून चिकटल्याने. (हो, पाल. पावसाळ्यात टबाच्या पेटीत ऊब असते, पाली आणि मुंग्या तिथे संसार थाटतात. रिलेच्या (बोर्डावरचा आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) टोकांमध्ये अडकून मेलेल्या मुंग्यांचा थर मी कितीतरी वेळा ब्रशने झाडलाय.) बोर्ड गेला की साधारण टब चालूच होत नाही, डिस्प्ले वेडंवाकडं दाखवतो, किंवा एखादा रिले चिकटून पंप बंदच होत नाही. दहा-पंधरा मिनिटं व्यवस्थित चालून मग लीकेज, हे बोर्डाचं वागणं नव्हे. पाणी शिरलेला बोर्ड करू शकतो, पण मग तो उघडल्यावर डोळ्यांना दिसतो: हिरवट गंज, पांढरी बुरशी.

माझा पहिला संशय हीटरवर आहे, आणि त्याचं कारण तुमची ती दहा-पंधरा मिनिटं. टब चालू केला की आधी एक-दोन मिनिटं नुसता पंप फिरतो, पाण्याचं तापमान समजून घेतो, मग ‘टक’ असा रिलेचा आवाज येतो आणि हीटर लागतो. हीटरची जी कांडी असते तिच्यात मध्ये तार, भोवती मॅग्नेशियाची पांढरी पूड, बाहेर धातूची नळी. नळीला केसाएवढी चीर पडली की पूड हळूहळू पाणी पिते. थंड असताना चीर मिटलेली असते. तापून धातू फुगला की उघडते, पाणी आत, करंट बाहेर. काही वेळ जातो तो या फुगण्यात. हाच खेळ गीझरमध्येही असतो, फक्त तिथे आपण बादलीतून अंघोळ करतो.

पण हे अंदाजच. असंच वागणारे आणखी तिघे आहेत. पंपाच्या सीलमधून थेंब गळतोय आणि पंप तापल्यावर तो मोटरच्या आत जातोय (तुमचा पंप नवा आहे, पण तो बसवताना सील नीट बसलं होतं का, हे कुणी पाहिलं?). ओझोनेटरमध्ये (ओझोन सोडून पाणी शुद्ध करणारं यंत्र) पाणी उलटं चढलंय. किंवा पेटीबाहेरच्या जंक्शन बॉक्समध्ये पावसाचं पाणी साचलंय आणि टबाचा त्यात काही दोषच नाही. म्हणून बदलायचं नाही, वेगळं करून बघायचं.

कसं, ते सांगतो. हे तुम्ही स्वतः करायचं नाही, इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायचं. पण काय चाललंय हे तुम्हाला समजलं पाहिजे. मेन बंद करून हीटरच्या दोन्ही वायरी बोर्डावरून काढायच्या आणि त्यांची टोकं टेपने झाकायची. दोन्ही, एक नव्हे. बऱ्याच बोर्डांचे रिले फक्त एकच बाजू तोडतात, दुसरी बाजू कायम जोडलेली राहते. तिथूनही लीकेज होतं, आणि ‘हीटर बंद असतानाही पडतोय, म्हणजे हीटर नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मग टब तासभर चालवायचा, पाणी थंडच राहील, राहू दे. पडला नाही, तर चोर सापडला. पडला, तर हीटर तसाच काढलेला ठेवून ओझोनेटर काढा, मग ब्लोअर (बुडबुड्यांसाठी हवा सोडणारा पंखा), मग दिवे, मग दुसरा पंप. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम काढल्यात तर पुन्हा पहिल्या पायरीवर.

याला तास-दीड तास लागतो. स्पेअर पार्ट एकही लागत नाही.

संशयित सापडला की मेगर, म्हणजे इन्शुलेशन मोजायचं यंत्र, लावायचा. इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा थांबतो. पहिल्या टेक्निशियनने तुम्हाला “हीटर चेक केला, ठीक आहे” असं सांगितलंय. त्याने बहुतेक मल्टीमीटर लावून दोन टोकांमधला रोध पाहिला असणार. २३० व्होल्टवर ३ किलोवॉटचा हीटर साधारण १७.६ ओहम दाखवतो, २ किलोवॉटचा २६ च्या आसपास. तेवढं आलं याचा अर्थ आतली तार तुटलेली नाही, इतकाच. तार आणि बाहेरची नळी यांच्यामधलं इन्शुलेशन शाबूत आहे का, हे मल्टीमीटर त्याच्या बॅटरीच्या चार-दोन व्होल्टवर सांगूच शकत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लागतो, एक टोक हीटरच्या टर्मिनलला, दुसरं नळीच्या धातूला. चांगला हीटर दहा-दहा मेगओहम दाखवतो, त्याहूनही जास्त. १ मेगओहमच्या खाली आला की मी तो परत लावत नाही. एक अपवाद आहे: महिनोन्‌महिने बंद पडलेल्या टबाचा हीटर दमटपणामुळे टोकांशी ओल धरतो आणि सुरुवातीला कमी दाखवतो, वाळवल्यावर वर येतो. तुमचा दर आठवड्याला चालतो, तेव्हा ती सबब तुमच्याकडे चालणार नाही.

आणि मेगर लावताना हीटर बोर्डावरून पूर्ण सुटा हवा. ५०० व्होल्ट बोर्डात गेले तर तुमचा नवा ३८ हजारांचा बोर्ड तिथेच आडवा होईल. जो टेक्निशियन वायरी न सोडवता मेगर लावायला निघेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मेगर नसेल तर लीकेज क्लॅम्प मीटर चालतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्याच्या जबड्यात धरायचे. सगळं ठीक असेल तर शून्याच्या जवळ. हीटर तापेल तसा आकडा ५, ९, १४ मिलिअँपियर असा चढताना डोळ्यांदेखत दिसतो. हे बघायला मला अजूनही मजा येते. एक लक्षात घ्या, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बरोबर ३०लाच पडेल असं नाही. १५ ते ३० यांच्यामध्ये कुठेही पडणं हे नियमातच बसतं. तेव्हा “२२ लाच पडला, म्हणजे ईएलसीबी खराब” हेही खरं नाही.

आता एक आडवळण, कारण तुमचा बंगला पावसाळ्यानंतर नवा रंगवलाय आणि बागेत दिवे लावलेत असं तुम्ही लिहिलंय. पवना धरणाच्या बाजूला एका बंगल्यावर मी तीन फेऱ्या मारल्या होत्या. टब दिवसभर झकास, संध्याकाळी सात वाजता आरसीसीबी खाली. तिसऱ्या फेरीला मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबलो. सात वाजता बागेतले दिवे टायमरवर लागले आणि खटकन पडला. दिवेवाल्याने फेज एका एमसीबीवरून घेतली होती आणि जवळ पडतो म्हणून न्यूट्रल टबाच्या आरसीसीबीच्या पुढचा घेतला होता. टबात काहीही बिघाड नव्हता. तुमच्याकडे असं असेलच असं नाही, पण हीटर काढूनही पडत राहिला तर बागेतल्या दिव्यांची वायर कुठून आलीय हे एकदा बघायला सांगा.

अर्थिंगचंही सांगून ठेवतो. लोणावळ्याला खाली काळा कातळ आहे, अर्थिंगचा खड्डा नावापुरता निघतो. अर्थ चांगलं नसेल तर हीटरमधून झिरपणाऱ्या करंटला जायला वाटच मिळत नाही. मग आरसीसीबी शांत बसतो आणि पाणी करंटने भरून राहतं, कुणीतरी ओल्या पायाने जमिनीवर उभं राहून हात बुडवेपर्यंत. तुमचा पडतोय, म्हणजे काहीतरी वाट आहे, हे तुमचं नशीब. तरी हीटर बदलला की अर्थ टेस्टरने खड्डा मोजून घ्या.

समजा हीटर निघाला. तेव्हा लगेच नवा बसवून पाहुण्यांना बोलावू नका. आधीचा का फाटला हे न बघता बसवलेला हीटर सहा महिन्यांत पुन्हा काढावा लागल्याचं मी पाहिलंय. जुना हीटर काढल्यावर कांडी हातात घेऊन बघा. तिच्यावर खडूसारखा पांढरा थर असेल तर बोअरचं जड पाणी. क्षारांचा थर बसला की कांडीची उष्णता पाण्यात उतरत नाही, ती आतल्या आत तापते आणि तडकते. थर नसेल, पण धातूवर सुईने टोचल्यासारखी भोकं असतील, तर पाणी आम्ल झालंय.

आणि ते का झालं असेल, हे मी न बघता सांगतो: केअरटेकर स्विमिंग पूलच्या क्लोरीनच्या गोळ्या टबात टाकतो. जवळपास प्रत्येक बंगल्यावर हीच गोष्ट. त्या पांढऱ्या गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात, स्वभावाने जबरदस्त आम्लधर्मी. मोठ्या पूलमध्ये लाखभर लिटर पाण्यात त्या विरून जातात. तुमच्या बाराशे लिटरमध्ये एक गोळी फिल्टरच्या टोपलीत टाकली की पंप बंद असताना तिच्याभोवतीचं पाणी अक्षरशः आम्ल होतं, आणि सकाळी पंप सुरू झाला की ते थेट हीटरवर जातं. हीटरच काय, सील आणि रबरही खातं. टबासाठी दाणेदार डायक्लोर वापरा किंवा ब्रोमीन. पीएच ७.२ ते ७.८च्या मध्ये, अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम, मुक्त क्लोरीन पाहुणे असताना ३ पीपीएमच्या खाली जाऊ द्यायचं नाही. टेस्ट स्ट्रिपची डबी केअरटेकरच्या हातात द्या आणि रोज त्या पट्टीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. फोटो मागितला की पट्टी खरंच बुडवली जाते, हा माझा अनुभव.

पाणी वेळेत गरम होत नाही, या तक्रारीचं मात्र बिघाडाशी बहुधा काही देणंघेणं नाही. साधा हिशोब करा. १,२०० लिटर पाणी टँकरने आलं २२ अंशांचं, तुम्हाला हवं ३८. १६ अंश वाढवायला साधारण २२ युनिट वीज लागते. ३ किलोवॉटचा हीटर म्हणजे सव्वासात-साडेसात तास, तेही झाकण लावलेलं आणि एक थेंब उष्णता वाया न जाता. प्रत्यक्षात नऊ धरा. त्यात शनिवारी दुपारी आजूबाजूच्या सगळ्या बंगल्यांचे एसी लागले की व्होल्टेज २०० वर येतं, आणि २०० व्होल्टवर तोच हीटर तीन चतुर्थांशच उष्णता देतो. झाले अकरा-बारा तास. सकाळी अकराला जुने पाहुणे गेले, पाणी बदललं, दुपारी दोनला नवे आले आणि संध्याकाळी सहाला विचारतात, “जकुझी गरम का नाही?” कसा असेल? यासाठी टेक्निशियन बोलावून तुम्ही त्याचाही दिवस घालवता. पाणी दर वेळी बदलण्याऐवजी फिल्टर धुऊन, क्लोरीनचा जास्त डोस देऊन ठेवा, झाकण जाड आणि कोरडं ठेवा, आणि पाणी ३५-३६ वर कायम राखा.

एकच गोष्ट खरी बिघाडाची असू शकते: फिल्टर चोंदला की पाण्याचा प्रवाह कमी होतो आणि सुरक्षिततेसाठी हीटर लागतच नाही. डिस्प्लेवर फ्लोचा काहीतरी कोड येतो. फिल्टर काढून पाच मिनिटं टब चालवून बघा. कोड गेला तर दोष फिल्टरचा, पुढे शोधायची गरज नाही. पाणी बदलल्यानंतर लगेच असा कोड आला तर बहुधा पाइपात हवा अडकलेली असते. पंपाचं युनियन (पाइप पंपाला जोडणारी फिरकी) पाव वळसा सैल करून हवा सोडली की काम झालं. याचे एका मित्राने एका बंगल्यात व्हिजिटचे पैसे घेतले नाहीत, म्हणाला, लाज वाटते.

आता टेक्निशियनचं. तुम्ही लिहिलंय, “सगळे चोर आहेत.” मी २१ वर्षं हेच काम करतोय, तेव्हा मला पक्षपाती म्हणा, पण चोर फार थोडे असतात. बाकीचे तुमच्या पैसे देण्याच्या पद्धतीमुळे तसं वागतात. पुण्याहून लोणावळा पासष्ट किलोमीटर, शनिवारी एक्स्प्रेस-वेवर दीड-दोन तास कुठेच गेले नाहीत. तिथे पोचून माणसाने दीड तास एकेक वायर सोडवून बघितली आणि म्हणाला, “दोष सापडला, हीटर आहे, माझे अडीच हजार,” तर निम्मे मालक म्हणतात, “नुसतं बघायचे अडीच हजार?” तोच माणूस वीस मिनिटांत बोर्ड बदलून ३८ हजारांचं बिल देतो, ते मुकाट्याने दिलं जातं. वस्तू हातात दिसते ना. मग तो शोधत बसेलच कशाला? पार्टात कमिशन आहे, शोधण्यात शिव्या आहेत.

मीही हे केलंय. धंद्यात तिसरं वर्ष, मुंबईत एका डीलरकडे नोकरीला होतो. अलिबागच्या एका बंगल्यावर असाच आरसीसीबी पडत होता. मला परतीची बोट पकडायची होती. बरोबर एक बोर्ड होता, तो बदलला, अर्धा तास चालवला, चालला, सही घेतली. त्याच रात्री फोन आला. दोष ओझोनेटरचा होता: त्याच्या नळीतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेला होता, पंप थांबला की पाणी उलटं चढून ओझोनेटरमध्ये जात होतं, आणि तो रात्री फिल्टरच्या वेळेलाच चालू व्हायचा. म्हणजे मी अर्धा तास काय, चार तास बसलो असतो तरी दिसला नसता. शोधायचं काय आहे हे न ठरवता मी बदलायला बसलो होतो. बोर्डाचे पैसे डीलरने परत केले नाहीत, आणि मला त्या मालकिणीबाईंचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून पुढच्या टेक्निशियनला बोलावताना फोनवरच सांगा की मला आधी निदान हवंय, त्याचे वेगळे पैसे देईन, दुरुस्ती आज झाली नाही तरी चालेल. किती घेणार ते आधी विचारा. एवढ्याने माणसाचा आवाज बदलतो, बघा. त्याच फोनवर विचारा, “मेगर किंवा लीकेज क्लॅम्प मीटर आहे का?” नाही म्हणाला तर पुढचा नंबर. बोर्डाच्या पेटीवरच्या लेबलचा, डिस्प्लेवरच्या कोडचा आणि मेन बोर्डाचा फोटो आदल्या दिवशी पाठवा. सोमवार ते गुरुवारमध्ये बोलवा. शनिवारी दुपारी पाहुणे दारात उभे असताना कुणीही नीट विचार करू शकत नाही, मी तर नाहीच. तुम्ही स्वतः हजर राहा, किंवा केअरटेकरला पैसे मंजूर करायचा अधिकार द्या. ‘साहेबांना विचारून सांगतो’मध्ये अर्धा दिवस जातो. पण त्याच्या खांद्यावरून डोकावत प्रत्येक वायरीबद्दल विचारू नका. शेवटी एकच विचारा: “काय मोजलंत, आणि किती आलं?” आकडा बिलाच्या मागे लिहून घ्या. आकडा सांगता आला नाही, तर त्याने अंदाज केलाय.

काढलेला प्रत्येक जुना पार्ट तुमच्याकडे राहिला पाहिजे. तुमचा जुना बोर्ड कुठे आहे? तो टेक्निशियन घेऊन गेला असेल तर आधी तो मागा, भांडू नका, नुसता मागा. हीटर बदलल्यावर टब चालू लागला की कधीतरी जुना बोर्ड त्याच इलेक्ट्रिशियनकडून परत लावून बघा. चालला, तर बोर्ड चांगला होता हे सिद्ध झालं. मग पहिल्या माणसाशी फोटोसकट बोलायला तुमच्याकडे काहीतरी आहे. मी असतो तर पूर्ण ३८ हजार मागण्यापेक्षा नवा बोर्ड परत घ्या आणि मजुरी कापून बाकीचे द्या, असं सुचवलं असतं. दहापैकी चार-पाच जण तरी इतपत तयार होतात. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पण तुमचा बंगला भाड्याने जातो, आणि व्यावसायिक कामासाठी घेतलेली सेवा २०१९च्या ग्राहक कायद्यात साधारणपणे बसत नाही, असा मुद्दा समोरचा काढू शकतो. त्यासाठी वकिलाला विचारा, मला नको. पंपाच्या बाबतीत जुना पंप सुस्थितीत असेल तर तो विकू नका. सील आणि बेअरिंग बदलून गोणपाटात गुंडाळून ठेवा. हा स्पेअर तुम्हाला कधीतरी दिवाळीच्या सुट्टीत वाचवेल.

तर आजच: तिसऱ्याला नकार, टबाचा एमसीबी खाली, त्यावर चिकटपट्टी. मग सोमवारी मेगरवाला माणूस, हीटरच्या दोन्ही वायरी सुट्या, तासभर चालवणं, रीडिंग. जे येईल ते इथे लिहा, मी बघतो. हीटर मागवायची वेळ आली तर कांडीच्या नळीवरच्या लेबलचा फोटो टाका. किलोवॉट सारखा असूनही लांबी आणि सेन्सरच्या भोकाची जागा वेगवेगळी असते, आणि चुकीचा आला तर परत पाठवायला तीन आठवडे जातात. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, चंदेरी लेबलवर चकाकी येऊन नेमका नंबरच दिसत नाही.